डाळिंबावरच्या साड्या

डाळिंबांना उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून कल्याणनं कृषी केंद्रवाल्याला भंडावून सोडलं. कुठलं औषध फवारू, फळाला अपाय तर होणार न्हाई ना? वर बायकोच्या, सत्यशीलाच्या, सगळ्या जुन्या साड्या झाडांवर पांघरल्या.

त्याच आठवड्यात नेवाशाच्या मेडिकलमध्ये गालावरचे वांग दाखवत सत्यशीलानं विचारलं, "उन्हासाठी चांगली क्रीम हाय का? आग तर व्हनार न्हाई ना?"

"आता या वयात गोरं व्हायचंय व्हय?" सोबत आलेला कल्याण चारचौघांत हसला. दुकानदारानं काढून दिलेली ट्यूब तिनं गुपचूप परत केली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात खुरपताना ती सहज बोलून गेली, आणि कल्याणला तोंड कुठं लपवावं कळेना.

&nbsp;

"आवो, झाडावरची एखादी साडी सोडून घेऊ का? तोंडाला बांधते."