बुधवारची भेट

मेट्रनबाईंनी कप उजेडाकडे धरला, आतून-बाहेरून न्याहाळला आणि स्वतःच्या रुमालाने पुसून परत टेबलावर ठेवला. इस्त्रीवाली किटली घेऊन समोरच उभी होती. तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि चहा ओतला.

पाहू दे की. अकरा वर्षं तुरुंगात काढून आलेल्या बाईला कसला आलाय मानापमान? नवऱ्याच्या जेवणात विष कालवलं होतं हिने. तो मारकुटा होता म्हणे. मारकुट्यांची काय वानवा आहे जगात? सगळ्याच बायका का विष कालवत सुटतात?

आणि असल्या हातचा चहा मेट्रनबाई गेलं वर्षभर दर बुधवारी घेत होत्या. चर्चचे जुने पाळकसाहेब स्वतः घरी येऊन म्हणाले होते, "बाई, तिच्याकडे मंडळीतलं कुणी फिरकत नाही. आठवड्यातून एकदा जाऊन बसाल का?" दारातच म्हणाले, कारण बाई कुणाला घरात घेत नसत. लोक येतात आणि फरशी घाण करून जातात.

एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटल गाजवलं होतं. त्यांच्या बुटांचा आवाज आला की नर्सांच्या हातातले ट्रे खुळखुळायचे. निवृत्त झाल्या तरी ताठा तोच. चर्चमध्ये त्या बसत त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. मान राखतात लोक, असं बाईंचं मत होतं. सून फोनवर दोन मिनिटांत "ठेवते हं" म्हणायची. तिला मेलीला वळणच नव्हतं.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत शर्टांचे ढीग असत. इस्त्रीवाली इस्त्री फिरवत राही आणि बाई बोलत राहत. सुनेबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, हल्लीच्या नर्सांबद्दल. मधूनच, "कॉलर आधी. किती वेळा सांगायचं?" दोन-दोन तास. तिला मात्र बाईंनी कधी काही विचारलं नाही. खुनी बाईला काय विचारायचं?

त्या बुधवारी तीच बोलली. "बाई, गुडघा कसा आहे? रात्री मलम लावता ना?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मैत्रीण समजते की काय ही आपल्याला?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या नव्या पाळकसाहेबांसमोर जाऊन बसल्या. महिन्यापूर्वीच रुजू झालेला तरुण माणूस. "वर्ष झालं मी त्या बाईला सांभाळतेय," बाई म्हणाल्या. "आता ही सेवा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. माझं नाव काढा."

त्याने जुन्या पाळकसाहेबांची वही काढली. भेट देणाऱ्यांच्या यादीवरून बोट फिरवलं. "इथे तुमचं नाव दिसत नाही, बाई."

"नीट बघा."

त्याने पान उलटलं. तो थबकला, त्याचे कान लाल झाले आणि तो वही मिटायला लागला. बाईंनी ती त्याच्या हातातून ओढून घेतली. अक्षर जुन्या पाळकसाहेबांचंच होतं. वर लिहिलं होतं, 'ज्यांच्याकडे कुणी जात नाही'. खाली तिसरं नाव मेट्रनबाईंचं. पुढे बारीक अक्षरात: 'घरात कुणाला घेत नाहीत, म्हणून त्यांनाच इस्त्रीवालीकडे पाठवावं. त्यांच्यासोबत बसायला इतर नऊ जणांनी नकार दिला. इस्त्रीवाली हो म्हणाली.'

बाई घरी गेल्या आणि पाच दिवस बाहेर पडल्या नाहीत. रविवारी चर्चलाही गेल्या नाहीत. बुधवारी चार वाजता मात्र लाँड्रीच्या मागच्या दारात उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेबांनी तुला काय सांगितलं होतं माझ्याबद्दल?"

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. बाईंना सगळं कळलंय हे तिच्या ध्यानात आलं. "म्हणाले, एका बाईंना कुणी जवळ करत नाही. तू करशील का?"

"आणि तू लगेच हो म्हणालीस. माझी कीव करायला."

"लगेच नाही, बाई. लोकांनी तुमच्याबद्दल इतकं काही सांगितलं की मी घाबरलेच. खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन महिने फार जड गेले." तिने शर्टाची बाही सरळ केली. "पण मग वाटलं, माझ्याबद्दलही लोकांनी तुम्हाला सांगितलंच असेल की. तरी तुम्ही आलात."