नखभर जास्त

रेल्वे मॉडेलच्या स्पर्धेत परीक्षक टेबलाशी आले तशी योगिनीने गाडी थांबवली. तिच्या इवल्याशा मालगाडीवरचा ट्रान्सफॉर्मर अगदी खरा दिसत होता. गंज, साखळ्या, लाल फडकं, सगळं जिथल्या तिथे. फक्त तो पुढच्या बोगद्यापेक्षा नखभर रुंद झालाय, हे तिला आत्ता कळलं होतं.

"उभी का गो गाडी? चालव की."

"क्रॉसिंग आहे, सर," तिच्या तोंडून निघून गेलं.

परीक्षकांचा चेहरा उजळला. "ह्याला म्हणतात हुबेहूब! आपली सिंगल लाइन म्हटली की क्रॉसिंग आलंच." त्यांनी स्टूल ओढलं, शेंगदाण्यांची पुडी सोडली. "जाऊ दे समोरची गाडी. थांबतो मी."

दोन वर्षं खपून योगिनीने एकच गाडी केली होती.