कुशीवर

घशाचं ऑपरेशन करून श्यामकांतांना महिना झाला होता. दुपारी तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आता घोरणं थांबलं ना? झोपेत श्वास अडकत नाही ना? घरच्यांना विचारून सांगा."

घरी विचारायला होतं कोण? श्वास अडकला की कोपराने ढोसून "अहो, कुशीवर वळा" म्हणणारी कुंदा गेल्या वर्षीच गेली. ती होती तोवर तिला ऑपरेशनचं नाव काढू दिलं नव्हतं त्यांनी.

म्हणून चारकोपला परतल्यावर त्यांनी ओशाळतच शेजारच्या विमलाला विचारलं. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच पातळ भिंत होती.

"थांबलंय कुठे, काका? आज दुपारभर चालूच होतं की!"

"दुपारी मी दवाखान्यात होतो गं."

"काय काका, मस्करी करता!" विमला हसत आत गेली.

घरात येऊन ते पलंगावर कुंदाच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून आडवे झाले. खिडकीत अजून ऊन होतं. कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.

पाठीमागे घोरणं सुरू झालं. जाड, ओलसर, ओळखीचं. त्यांचंच, जुनं.

मग ते मध्येच तुटलं.

ही शांतता या बाजूने किती लांब असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. श्वास काही परत येईना. शेवटी न राहवून, मागे न बघता त्यांनी कोपराने ढोसलं.

"अहो, कुशीवर वळा."

कोपराला ऊब लागली.

"हं," कुणीतरी त्यांच्याच आवाजात म्हणालं, आणि त्यांच्याकडे तोंड करून वळलं.