अंबाबाईंची कवळी

देवाच्या फोटोमागच्या वाटीत कवळी होती, आणि कवळीची मालकीण दाताच्या डॉक्टरकडे निघून गेली होती.

फोटो पुसता पुसता वंदनाने कपाळावर हात मारला. तिच्या सासूबाई, अंबाबाई, दर मंगळवारी लोधीखेड्याहून सौंसरला जायच्या. कवळी टोचते, डॉक्टर घासून देतात, म्हणायच्या. आता घासायची वस्तूच घरी राहिल्यावर डॉक्टर काय हिरड्या घासणार होते? वंदनाने कवळी स्टीलच्या डबीत घातली आणि चौकातून ऑटो पकडला.

ही कवळी मंगेशने नागपूरहून करून आणली होती. मंगेश म्हणजे अंबाबाईंचा एकुलता एक मुलगा आणि वंदनाचा नवरा. "आई, आता मोकळी हास," म्हणाला होता. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. बेचाळिशीचाच होता. घरात दोघी उरल्या.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईंनी सकाळी कवळी बसवली आणि चहा पिताना, शेजारच्या कवडूने स्वतःच्या लग्नात फेट्यात लाडू कसे लपवले होते, ते सांगितलं. वंदनाला कसलं हसू येतंय! पण म्हातारीने एवढी उभारी धरली आहे, ती मोडू नये म्हणून ती हसली. तेव्हापासून रिवाजच पडला. कवडूचे लाडू वंदनाने वीसदा ऐकले आणि वीसदा पोट धरून हसली. शेजारणी म्हणायच्या, "नशीबवान हाय वं तू, सासू मोठी खमकी भेटली." मंगेशचं नाव मात्र आठ महिन्यांत घरात एकदाही निघालं नव्हतं. ते वंदनाला फार जड जात होतं.

तिचा रडायचा वार गुरुवार. शिलाई मशीनच्या सामानाचं निमित्त काढून तीही सौंसरच्या त्याच दवाखान्यात जायची. तिथे समुपदेशन करणाऱ्या दामिनी मॅडमसमोर अर्धा तास रडायची, तोंड धुवायची आणि घरी येऊन पुन्हा हसायची. मॅडम दर वेळी सांगायच्या, "घरीही कोणाजवळ तरी रडा, वंदनाताई."

"घरी सासूबाईच हायेत, मॅडम. मी रडली तर त्या खचून जातीन. त्यायच्याच जिवावर घर हासून राहिलं."

आज ती डबी घेऊन पोचली, तर दवाखान्यात दाताच्या खोलीला कुलूप होतं. "दातवाले डॉक्टर सोमवारी अन् शुक्रवारी बसते," कंपाउंडर म्हणाला. "मंगळवारी कधीच नाई."

सत्तरीची बाई, दर मंगळवारी जाते तरी कुठे? वंदना भराभरा व्हरांडा पालथा घालू लागली. टोकाशी वळली आणि जागीच थांबली. दामिनी मॅडमच्या दाराबाहेर, ती स्वतः दर गुरुवारी बसायची त्याच बाकावर अंबाबाई बसल्या होत्या. तोंडाला पदर होता आणि डोळे लाल झाले होते.

"आई, तुमी इथं?"

"तू काहून आली वं?" अंबाबाई दचकल्या. "तुले हे खोली कशी मालूम?"

"मी गुरुवारी येतो."

अंबाबाईंनी सरकून तिला बाकावर जागा करून दिली. मग म्हणाल्या, "मले वाटे, पोरगी हासून राहिली तर हासू दे. म्हणून सांगत होती मी त्या कवडूचं. मले कुठचं हासू येते?"

वंदना बाकावर बसली आणि सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. अंबाबाईही रडल्या. "माहा मंगेश," म्हणाल्या, आठ महिन्यांत पहिल्यांदाच. दामिनी मॅडमनी दार उघडलं, दोघींना पाहिलं आणि हळूच दार ओढून घेतलं.

बऱ्याच वेळाने वंदनाने डोळे पुसले. हातातल्या डबीची तिला आठवण झाली. तिने झाकण उघडलं.

"घ्या. घरीच विसरल्या होत्या तुमी."

अंबाबाईंनी झाकण परत लावलं.

"विसरली नव्हती वं. मंगळवारी मी घरीच ठेवतो. हासाले दात लागते, वंदना. रडाले नाई लागत."