चार कोपऱ्यांतले डबे

वैजनाथनं खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकरचे डबे मांडले, मधोमध खुर्ची ठेवली आणि सूर्यभानला म्हणाला, "बसा भाऊ. आता डोळे मिटा, अन् आवाज कुठल्या डब्यातनं येतोय ते नुसतं बोटानं दावा."

डोळे मिटा! विजयमालानं हातातला चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला.

तिच्या नवऱ्याचं सगळं चाललं होतं ते डोळ्यांवर. साखर कारखान्याच्या मिलवर अठरा हंगाम काढलेला माणूस. तिथल्या गडगडाटात कुणाला काही ऐकू येत नसतं. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं आणि काय म्हणतोय ते समजून घ्यायचं, ही तिथली रीतच. त्यामुळं सूर्यभानचे कान कधी गेले ते मिलवर कुणाला कळलंच नाही. घरात मात्र कळलं. टीव्हीचा आवाज फुल्ल करून करून त्याचा स्पीकर फाटला, म्हणून तर कोपरगावच्या वैजनाथला कॉलनीत बोलावलं होतं. तो स्वतःच्या हातानं डबे जोडून विकायचा. दोन नमुने टेम्पोत घालून आणले होते त्यानं. एक टीव्हीखाली ठेवायचा लांबोडका डबा, आणि दुसरा हा चार कोपऱ्यांचा सेट.

विजयमालाचं मन लांबोडक्यावर होतं. आवाज समोरून येणार, नवरा समोरच बघणार, चार माणसांत उघडं पडायची भीती नाही. पण आज नेमका पुंजाराम चहाला टपकला! पुंजाराम म्हणजे बॉयलरचा फोरमन, शेजारच्याच खोलीत राहणारा. सोमवारी उसाचं गळीत सुरू होणार होतं, आणि सूर्यभानला बॉयलरवर घ्यायचं, तेही कायम नोकरीत, हे त्याच्याच हातात होतं.

"आमच्याकडं चार कोपऱ्यांचाच हाय," पुंजाराम कॉटवर ऐसपैस बसत, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाला. "दिवाळीला घेतला. काय घुमतो म्हनता!"

बॉयलरचं नाव काढलं तरी विजयमालाला धडकी भरायची. "लई दाबाची वाफ दिसत न्हाई, वहिनी," मागं एकदा पुंजारामनंच सांगितलं होतं. "नुसती ऐकू येती. फुसफुस ऐकली की मागं सरायचं. न्हाई ऐकली, तर मानूस सरळ तिच्यात चालत जातो." त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. खरं सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर नवरा. अन् नवऱ्यानं तर कुणाला सांगू नको म्हणून गळ्याची शपथ घातलेली! धीर म्हणून एवढाच, की पाळीला पुंजाराम बरोबर असणार. सत्तावीस वर्षं बॉयलरवर घालवलेला माणूस. कुठं काय गळतंय ते तो घरी बसून सांगतो, असं कॉलनीत सगळे म्हणत. तेवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली होती.

वैजनाथनं कॅसेट लावली आणि बटण फिरवलं. पुढचा उजवा डबा वाजायला लागला. सूर्यभान जरा थांबला, मग त्यानं बरोबर तिकडं बोट केलं.

"बरोब्बर!" पुंजाराम म्हणाला.

मग डावा वाजला. बोट डावीकडं गेलं. विजयमाला स्वयंपाकघराच्या दारात, कॉटच्या मागं उभी होती. तिथून तिला नवऱ्याचे पाय दिसले. बोटं फाकवून त्यानं तळवे फरशीला घट्ट दाबून धरले होते. मिलवरची माणसं यंत्राची थरथर तळव्यांनी ओळखतात, तसा तो डबे ओळखत होता. देवा, एवढं निभावून ने, ती मनात म्हणाली.

आणि लाईट गेली.

दुपारची वेळ, खोलीत लख्ख उजेड. फक्त कॅसेट रडल्यागत होऊन थांबली आणि सगळीकडं चिडीचूप झालं. "हात्तिच्या!" म्हणत वैजनाथ बटण सोडून खिडकीशी गेला, दुसऱ्यांचीही गेलीय का ते बघायला.

सूर्यभान डोळे मिटून तसाच बसलेला. वाट बघत होता बिचारा. पायांनी फरशी चाचपत होता, पण पायांना काही लागत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला. लोक खोळंबलेत असं वाटलं असावं त्याला. शेवटी त्यानं हात उचलला आणि खांद्यावरून मागं बोट केलं.

"मागचा," तो म्हणाला. "उजव्या अंगाचा."

संपलं सगळं! विजयमालानं पदराचा बोळा तोंडाशी धरला. आता फोरमन उठणार, काही न बोलता पायात चपला घालणार, आणि सोमवारी बॉयलरवर दुसराच कुणीतरी जाणार.

"बरोब्बर!" पुंजारामनं मांडीवर थाप मारली. "काय कान हायेत गड्याचे!"

खिडकीतून वैजनाथ वळला. फोरमन चेष्टा करतोय असं वाटून तो खो खो हसला. विजयमालाला मात्र हसू आलं नाही. ती दारातून पुढं सरकली, पुंजारामच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली.

मग मोठ्यानं, "भाऊजी, लाईट गेलीय."

पुंजारामनं मान वळवली नाही. वैजनाथचं हसू तोंडातच राहिलं. तो एकदा फोरमनकडं बघायचा, एकदा तिच्याकडं. तिनं कॉटची कड धरली.

सूर्यभाननं डोळे उघडले. घाबरून त्यानं आधी पुंजारामच्या तोंडाकडं पाहिलं. पुंजाराम त्याच्याच तोंडाकडं बघत होता, अगदी टक लावून.

"चार डब्यांचाच घे, एक नंबर आवाज हाय," पुंजाराम म्हणाला. "अन् सोमवारी सकाळच्या पाळीला बॉयलरवर ये. भिऊ नको गड्या, मी हाय ना शेजारी."