छप्पन्नाव्या पानावरचा मासा

आमच्या गावच्या वाचनालयातून दर महिन्याला घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पुस्तकांची पिशवी जाते. वाचलेलं पुस्तक पुन्हा येऊ नये म्हणून प्रत्येकजण आत पेन्सिलीने आपली खूण करतो. आईची खूण म्हणजे छप्पन्नाव्या पानावर एक छोटा मासा. ती गेल्यावर तिची शेवटची सहा पुस्तकं परत करायला गेले, तर एकातही मासा नव्हता.

"पण मी ऑस्ट्रेलियात, पर्थला असताना फोनवर तर ती मला या पुस्तकांतल्या सगळ्या गोष्टी सांगायची!" मी म्हणाले.

"त्या मी वाचून दाखवायचे," पिशवी पोचवणाऱ्या डल्सीमावशी म्हणाल्या. "वर्षभर तिला दिसतच नव्हतं गं."

"मग मला कळवायचं नाही का? लगेच आले असते मी."

"मीही तेच म्हणायचे. ती म्हणायची, 'कळवलं आणि तरी नाही आली, तर?'"