घराखालचे मासे

ओहोटी लागली तशी मार्नी शिडीवरून घराखाली उतरली. पाणी छातीला लागत होतं. एका हातात हातजाळी, दुसऱ्यात दोरीला बांधलेली बादली. घराच्या खांबांच्या तळाशी लांब काळ्या काट्यांचे समुद्री साळू पसरले होते आणि त्यांच्या काट्याकाट्यांत ते मासे होते. बोटभर, रुपेरी, अंगावर काळे पट्टे, पांढरे ठिपके.

"तिथले नको," वरून सहारी म्हणाला. फळ्यांच्या फटीतून तो पाहत होता.

"मग कुठले, उवा? खाडीत आता राहिलेत कुठे?" सासऱ्यालाही ती 'उवा', म्हणजे बाबा, म्हणे.

मासे विकत घेणारा जाम्रिन पलीकडे मोटारबोट घेऊन थांबला होता. बादलीभर मासे दिले की तो मार्नीला आणि तिच्या लेकीला मोठ्या बेटावर, मार्नीच्या माहेरी सोडणार होता.

"तो बघ, हनुवटी फुगलेला," सहारी म्हणाला. "तोंडात पिल्लं धरलीत त्यानं. उपाशी आहे बिचारा."

"ओळखते मी. एरवी नर-मादी सारखेच दिसतात. तुमच्या लेकानंच शिकवलंय."

तिच्या नवऱ्याला, रुस्डिनला, समुद्राने नेऊन दोन वर्षं झाली होती. हवेची नळी तोंडात धरून तो खोल बुडी मारायला गेला; नळी तेवढी वर आली, तो आला नाही. तेव्हापासून म्हातारा रोज पहाटे फटीतून मूठभर भात पाण्यात सोडी आणि त्याला हाका मारी. रुस्डिन जन्मला तेव्हा त्याची वार नारळाच्या करवंटीत घालून सहारीनेच इथे बुडवली होती. समुद्रावरच राहणाऱ्या या बाजो लोकांत वार म्हणजे पाण्यातला थोरला भाऊ. "हे मासे जन्मले ती जागा सोडत नाहीत," तो म्हणे. "तोही भावाला सोडून जायचा नाही."

मार्नीने तेही सोसलं असतं. पण आता तीन वर्षांची लेकही फटीला तोंड लावून हाका मारू लागली होती.

बादली भरत आली. शेवटी तो फुगल्या हनुवटीचा नरही जाळीत आला. बादलीत पडताच घाबरून त्याने तोंड उघडलं. तांदळाएवढी पिल्लं बाहेर सांडली, बापासारखीच पट्ट्यांची. एकदा बाहेर पडली की तो त्यांना परत तोंडात घेत नाही. मार्नी क्षणभर बघत राहिली, मग उरलेले मासे बघायला तिने डोकं पाण्याखाली घातलं.

"नी."

ती झटकन वर आली. सारं गाव तिला मार्नी म्हणे. नी म्हणणारा एकच होता.

"उवा, तुम्ही हाक मारलीत?"

फटीतून म्हाताऱ्याचा डोळा तेवढा दिसत होता.

"नाही गं," तो म्हणाला. "मीही ऐकली." त्याने तोंड फटीला लावलं. "दोन वर्षं मी बोलावतोय त्याला. आणि मेल्यानं हाक मारली ती तुला."

मार्नीने बादली पालथी केली. मासे कुठे पळाले नाहीत. जिथले होते तिथेच, काट्यांत शिरले.

"अगं ए, येडी झालीस का?" जाम्रिन ओरडला. "आता तुला फुकट नेऊ?"

सहारी शिडी उतरून पाण्यात आला. खांबाला बांधलेली आपली होडी त्याने सोडली आणि जाम्रिनकडे ढकलली.

"ही घे. सुनेला नि नातीला पोचव."

"म्हातारबा, होडीच दिलीत तर समुद्रावर जाणार कसे?"

"मला कुठं जायचंय?"

मार्नी शिडी चढून घरात गेली. झोपलेल्या लेकीला खांद्यावर टाकून ती बोटीत चढली. "उवा, तुम्हीही चला ना."

सहारीने मान हलवली.

"पुन्हा हाक आली तर?"

"मी ओ देईन," म्हातारा म्हणाला. "तू मागं वळू नको."